रेंज, पाऊस आणि कविता : ऑनलाइन ओपन माइकला पहिल्यांदा बसताना

ऑनलाइन ओपन माइकमध्ये तुमचा चेहरा दिसला नाही तरी कविता पोचते. आवाज तुटला की मात्र संपली. कॅमेरा, मागचा पडदा, इस्त्रीचा कुर्ता यांचा नंबर त्यानंतर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून बसणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातल्या वाडीवरून बसणाऱ्याला पहिल्याच पावसात कळते. म्हणून इथे आधी आवाजाचे बोलू, कवितेच्या दर्जाचे ज्याने त्याने पाहावे.

आधी एकदा नुसते ऐका

पहिल्याच दिवशी वाचायचा हट्ट धरू नका. एक संध्याकाळ श्रोता म्हणून बसा. कार्यक्रमांचा पत्ता बहुतेक व्हॉट्सअॅपवरच लागतो : तालुक्याचे वाचनालय, कॉलेजचे वाङ्मय मंडळ, १९९१ साली स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखा, गझलकारांचे गट. निरोप नीट वाचा. ‘निमंत्रितांचे काव्यवाचन’ असेल तर तिथे तुम्ही श्रोतेच. ‘ओपन माइक’ किंवा ‘खुला काव्यकट्टा’ असेल तर कोणालाही नाव देता येते.

ऐकताना चार गोष्टी टिपून ठेवा. माणशी किती मिनिटे देतात, वेळ संपल्यावर सूत्रसंचालक खरोखर थांबवतो का, बोलीतल्या कविता आणि गाऊन म्हटलेल्या रचना चालतात का, आणि रेकॉर्डिंग होते का. चौथ्याचे उत्तर कोणी आपणहून सांगत नसेल तर विचारा.

नाव नोंदवताना

फॉर्ममध्ये नाव जसे पुकारले जावे तसेच लिहा. टोपणनावाने लिहीत असाल तर तेच द्या, आणि त्या दिवशी अॅपमध्येही तेच नाव ठेवा. वेटिंग रूममध्ये फोनच्या मॉडेलचे नाव किंवा ‘आईचा मोबाइल’ असे दिसले की आत घेणाऱ्याला माणूस ओळखता येत नाही, आणि तुम्ही बाहेरच बसून राहता. झूममध्ये आत जाताना नाव बदलता येते. गूगल मीट तुमच्या खात्याचे नाव दाखवते, त्यामुळे मुलाच्या खात्यावरून बसलात तर मुलाचे नाव दिसणार. तसे आधी कळवून ठेवा.

‘नेट कमकुवत आहे, जमल्यास सुरुवातीला घ्या’ हे फॉर्ममध्येच लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही. उलट संयोजकाचे काम सोपे होते. सोबत कवितेची संहिता आणि एक साधा फोन लागेल असा नंबर द्या. तो का, ते पुढे येईल.

कविता कोणती, किती मोठी

तीन मिनिटे म्हणजे ऐकायला भरपूर आणि वाचायला थोडी. मुक्तछंदातली २० ते २४ ओळींची कविता सावकाश वाचली तर दोन ते अडीच मिनिटे जातात. पाच शेरांची गझल, वरची ओळ दोनदा म्हणत वाचली तर अडीच ते तीन. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनात वाचून लावलेली वेळ नेहमी कमी येते. तुमची मोजणी तीन मिनिटे भरली तर ती कविता त्या दिवसाला लांब आहे असे समजा, कारण नमस्कार आणि माइक सुरू करण्याची धांदल त्यात धरलेली नसते.

ऐकणाऱ्यासमोर छापील पान नसते. त्यामुळे दोनदा वाचल्यावरच उलगडणारी कविता पहिल्या खेपेला टाळलेली बरी. ध्रुवपद असलेली, एखादी ओळ परत परत येणारी, किंवा एकच प्रसंग धरून चालणारी रचना कानाला लवकर सापडते. जून-जुलैत पावसावरची कविता निवडत असाल तर खिशात दुसरी एक ठेवा, कारण त्या महिन्यांत निम्मी यादी पावसाचीच असते आणि तुमच्या आधी तिघांनी छत्री उघडलेली असेल.

मालवणी, संगमेश्वरी, आगरी यांपैकी बोलीत लिहीत असाल तर बोलीतच वाचा. प्रमाण मराठीत भाषांतर करून वाचू नका. मात्र श्रोत्यांत नागपूर-लातूरकडचे लोक असतील तर अडणारे दोन-तीन शब्द सुरुवातीलाच सांगून टाका : ‘झिल म्हणजे मुलगा, न्हंय म्हणजे नदी.’ बस्स. सहा शब्दांची यादी सांगावी लागत असेल तर ती चॅटमध्ये टाका.

दुसऱ्याची कविता वाचायची असेल तर आधी विचारा. बरेच कट्टे फक्त स्वतःची कविता घेतात. रेकॉर्डिंग होऊन ते पुढे जाणार असेल तर हक्कांचा प्रश्नही येतो. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या कवितांवर कॉपीराइट राहतो. मालगुंडला जन्मलेले केशवसुत १९०५ साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या. हयात कवींची, किंवा अलीकडच्या काही दशकांत गेलेल्यांची कविता वाचायची तर परवानगी हवी, निदान नाव तरी घ्यायलाच हवे.

घरात कुठे बसायचे

कोकणातल्या घरात रेंज पडवीत असते आणि शांतता माजघरात, ही खरी अडचण. पडवीत बसलात तर रातकिडे, बेडूक, शेजारचा पंप आणि रस्त्यावरून जाणारी शेवटची एसटी हे सगळे तुमच्याबरोबर काव्यवाचन करतात. माजघरात बसलात तर चित्र गोठते. घरात वाय-फाय असेल तर माजघरच निवडा. मोबाइल डेटावर असाल तर एका संध्याकाळी, कार्यक्रमाच्याच वेळेला, घरभर फिरून स्पीड टेस्ट करा. डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोडचा बघा. तुमचा आवाज त्या वाटेने जातो. अपलोड १ एमबीपीएसच्या वर सलग टिकत असेल तर ती जागा चालेल. आकडा क्षणात ५ आणि क्षणात शून्य होत असेल तर ती जागा सोडा, सरासरी कितीही चांगली दिसो.

पत्र्याच्या छपराखाली जुलै-ऑगस्टमध्ये वाचायचे नाव काढू नका. अॅपमधली आवाज गाळणारी यंत्रणा पंख्यासारखा एकसुरी आवाज बऱ्यापैकी काढून टाकते. पत्र्यावरचा पाऊस सारखा कमी-जास्त होत राहतो, तिथे ती गोंधळते आणि पावसाबरोबर तुमचे शब्दही गाळते. कौलारू घरात, त्यातही माळा असलेल्या खोलीत, बराच फरक पडतो. माळ्यावर भाताचे तूस किंवा गवत भरलेले असेल तर उत्तमच.

नव्या बंगल्यांची गंमत उलटी. चकचकीत लाद्यांचा रिकामा हॉल दिसायला छान, पण त्यात आवाज घुमतो. समोरच्या टेबलावर जाड गोधडी अंथरा, पाठीमागे दुसरी टांगा, किंवा सरळ झोपायच्या खोलीत कपड्यांच्या कपाटाची दारे उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. कॅमेऱ्यात कपाट दिसत नाही, तुम्ही दिसता.

वाडी खाली दरीत असेल तर लोक रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या खडकाळ पठारावर, जातात. सड्यावर उघड्यावर उभे राहून वाचू नका, वारा माइकमध्ये घुसतो आणि ऐकणाऱ्याला नुसते भरभर ऐकू येते. चारचाकी मिळत असेल तर ती सड्यावर नेऊन उभी करा, इंजिन बंद, काचा वर. बंद गाडीत बाहेरचा आवाज अडतो आणि आतल्या गाद्या घुमणे शोषून घेतात. गावात यापेक्षा चांगला स्टुडिओ मिळणे कठीण. रिक्षा मात्र या कामाची नाही.

आणि समुद्र. मागे लाटांचा आवाज असावा असे प्रत्येकाला एकदा तरी वाटते. फोनमधून गाज ही गाज म्हणून पोचत नाही. तिचा नुसता फसफसाट होतो, आणि अॅप तो गाळायला गेले की कविताही अर्धी गाळते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, वाचायचे ते समोर माणसे बसवून वाचावे.

फोन आणि इअरफोन

लॅपटॉप असलाच पाहिजे असे नाही. साधा स्मार्टफोन आणि वायरचा माइकवाला इअरफोन एवढ्यात काम भागते. कानात काही न घालता फोनच्या स्पीकरवर ऐकाल तर इतरांचा आवाज तुमच्या माइकमधून परत जातो आणि त्यांना स्वतःचेच शब्द उशिरा ऐकू येतात. ब्लूटूथचे इअरफोन गाणी ऐकायला चांगले. पण त्यांचा माइक वापरात आला की बऱ्याच जोड्यांचा आवाज पातळ, जुन्या फोनसारखा होतो, आणि चार्जिंग नेमके तुमच्या आधीच्या कवीच्या वेळी संपते.

वायरच्या इअरफोनचा माइक छातीवर लोंबतो. तो शर्टाच्या कॉलरला, ओढणीला, मंगळसूत्राला घासला की ऐकणाऱ्याला कागद चुरगळल्यासारखे ऐकू येते. कपडे वाळत घालायचा चिमटा घ्या आणि वायर गळ्याजवळ अशी अडकवा की माइक कशालाही न टेकता मोकळा राहील. हाताने धरायचा असेल तर तोंडासमोर नको, तोंडाच्या कोपऱ्याशी, चार बोटे अंतरावर. समोर धरला की प, फ, भ या अक्षरांचा वारा थेट माइकवर आदळतो. ‘भरतीच्या फेसात’ असे काही वाचून बघा म्हणजे कळेल.

कविता कागदावर उतरवून घ्या. ज्या फोनवर बैठक चालू आहे त्याच फोनवर नोट्स उघडल्या की अॅप मागे जाते, तुमचे चित्र बंद पडते आणि परत येताना बोट भलतीकडे लागून बाहेर पडण्याचीही सोय होते. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहा. दोन पाने असतील तर टाचणी लावू नका. वाचून झालेले पान उलटायचे नाही, अलगद बाजूला सरकवायचे.

फोन डोळ्यांच्या उंचीवर हवा. तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला तरी चालतो, फक्त सरकू नये म्हणून खाली ओले फडके ठेवा. दिवा तोंडासमोर हवा. पाठीमागे ट्यूबलाइट असेल तर तुमच्या जागी एक काळी आकृती वाचताना दिसेल. उजेडाबद्दल यापेक्षा जास्त डोके लावायची गरज नाही.

डेटाचा हिशोब आधी करून ठेवा. चित्रासह गटबैठकीला तासाला साधारण ५०० एमबी ते १ जीबी जातो, नुसत्या आवाजाला ५० एमबीच्या आसपास. रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि दिवसभर रील्स बघितले असतील तर रात्री साडेनऊला वेग कोसळतो आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. ऐकताना स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा, झूममध्ये इतरांचे येणारे चित्रही थांबवता येते. आपली पाळी आली की कॅमेरा चालू करा. वाचताना आवाज तुटतोय असे कोणी म्हणाले तर पहिला उपाय कॅमेरा बंद करणे हाच.

वीज हा वेगळा विषय. फायबरचे नेट असले तरी घरातल्या राउटरला वीज लागते. बारा व्होल्टच्या राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, ते दोन-तीन तास तग धरतात. पावसाळ्यात ऑनलाइन कार्यक्रम करणाऱ्याने घ्यावी अशी ही एकच वस्तू. मोबाइल टॉवर बॅटरीवर थोडा वेळ चालतो, मग तोही मान टाकतो. म्हणून वीज गेली की थांबून राहू नका. संयोजकाला लगेच कळवा आणि पाळी पुढे ओढून घ्या. विजा कडाडत असतील तर चार्जर भिंतीतून काढून टाका, बॅटरी आधीच भरलेली हवी.

त्या संध्याकाळी

कार्यक्रम साडेआठचा आहे असे धरून :

१. सहा वाजता फोन चार्जिंगला लावा. अॅपचे अपडेट आत्ताच बघा. आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी अपडेट मागणारे अॅप ही नेहमीची रड आहे.

२. साडेसातपर्यंत जेवण उरका. भरल्या पोटी लगेच वाचताना दम लागतो, आणि उपाशी पोटाचे आवाज माइकला चांगले ऐकू जातात. घरच्यांना वेळ सांगा : साडेआठ ते दहा मिक्सर, कुकर, टीव्ही नाही. कुकर लावायचाच असेल तर शिट्ट्या आधी होऊन जाऊ देत.

३. सव्वाआठला लिंक उघडा. माइक बंद, इअरफोन कानात. एकदा बोलून ‘आवाज येतोय का?’ हे आत्ताच विचारून घ्या. पाळी आल्यावर विचारत बसलात तर तुमच्या तीन मिनिटांतली वीस सेकंदे तिथेच गेली.

४. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. वाय-फायवर असाल तर एअरप्लेन मोड लावून फक्त वाय-फाय चालू करा. डेटावर असाल तर हे जमत नाही. दोन सिमचा फोन असेल तर दुसरे सिम तेवढ्यापुरते बंद करा, कारण त्या सिमवर कॉल आला की पहिल्याचे नेट अनेकदा तुटते.

५. एकाच खोलीत दोघे दोन फोनवरून बसू नका. बसलातच तर दुसऱ्या फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. नुसता माइक बंद करून शिट्टी थांबत नाही.

६. पाणी जवळ घ्या, ते कोमटच बरे. स्टीलचे भांडे काचेच्या टेबलावर ठेवू नका.

७. तुमच्या आधीचा कवी सुरू झाला की कागद हातात, बोट माइकच्या बटणाशी. यजमान तुमचा माइक बंद करू शकतो, पण तुमच्या होकाराशिवाय सुरू करू शकत नाही. ते काम तुमचेच आहे.

वाचताना

नाव, गाव, कवितेचे शीर्षक. ‘नमस्कार, मी अमुक, देवरुखहून. कवितेचे नाव पागोळी.’ एवढे पुरे. ‘मी काही मोठा कवी नाही’, ‘घसा जरा बसलाय’, ‘ही कविता मला बसमध्ये सुचली’ यातले काहीही नको. कवितेचा अर्थ आधी सांगायचा असेल तर मग कविता कशाला?

शीर्षक सांगितल्यावर मनात दोन अंक मोजा आणि मगच पहिली ओळ घ्या. अॅपला वक्ता बदलला हे कळायला क्षणभर लागतो आणि शांततेनंतरचे पहिले अक्षर अनेकदा गिळले जाते. कवितेत मुद्दाम मोठा विराम घेतलात तरी हेच होते. म्हणून विरामानंतरचा पहिला शब्द एक चिमूट जोर देऊन उच्चारावा. कुजबुजीचा परिणाम साधायचा असेल तर खरोखर कुजबुजू नका, यंत्रणा तो आवाज कचरा समजून झाडून टाकते. नेहमीच्या आवाजात सावकाश बोला, माइक थोडा जवळ घ्या.

सगळ्यात जास्त कविता बुडतात त्या ओळीच्या शेवटाशी. मराठी वाचताना वाक्याच्या टोकाला आवाज खाली पडण्याची आपल्याला सवय आहे. यमक आणि रदीफ (गझलेत शेराच्या शेवटी परत परत येणारे शब्द) नेमके तिथेच बसलेले असतात. हा अभंग बघा :

पहिली पागोळी । ओंजळीत आली ।
दुसरी पळाली । अंगणात ॥

‘पळाली’पर्यंत आवाज चढता राहतो, आणि ‘अंगणात’ला श्वास संपलेला असतो. समोरच्याला ऐकू येते ते ‘दुसरी पळाली अंग…’. समोरासमोर वाचताना ओठ दिसतात, खोली शांत असते, निभावून जाते. इथे जात नाही. उपाय साधा आहे : कागदावर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा आणि श्वास त्याच्या आधी घ्या, नंतर नको. वरच्या अभंगात ‘पळाली’नंतर श्वास. अशा खुणा केलेला कागद घेऊन घरी दोनदा वाचा, आणि एकदा व्हॉइस नोट करून दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकवा. त्याने शेवटचे शब्द बरोबर सांगितले तर झाले.

गझल वाचणाऱ्यांनी पहिला मिसरा, म्हणजे शेरातली वरची ओळ, दोनदा म्हणायची रीत इथेही सोडू नये, उलट इथे ती जास्त उपयोगी पडते. पहिल्या खेपेला कोणाचे नेट अडखळले असेल तर दुसऱ्या खेपेला ओळ मिळते.

गाऊन म्हणणार असाल, ओवी असो, भजनाच्या चालीतली रचना असो, तरन्नुममधली गझल असो, तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय सेटिंगमधून चालू करा. नाहीतर लांबवलेला सूर अॅपला यंत्राचा आवाज वाटतो आणि तो मध्येच कापला जातो. पण हा पर्याय लावला की गाळणी निघते, पाऊस आणि पंखाही जसाच्या तसा जातो. शांत खोली आणि कानात इअरफोन असेल तरच लावा. दुसऱ्या टोकाला बसलेल्या मित्राने पेटी धरायची आणि इकडे तुम्ही गायचे, हा प्रकार जमत नाही. मधल्या उशिरामुळे दोघे कधीच एका मात्रेवर येत नाहीत. पेटी तुमच्याच खोलीत हवी.

मध्येच आवाज तुटला आणि सूत्रसंचालकाने तसे सांगितले, तर पहिल्यापासून सुरू करू नका. शेवटचे ऐकू आलेले कडवे विचारा आणि तिथून पुढे जा. नेट पूर्ण गेले तर साधा फोन कॉल लावा. संयोजक तो लॅपटॉपच्या माइकजवळ स्पीकरवर धरू शकतो, आणि कविता बऱ्यापैकी ऐकू जाते. फॉर्ममध्ये नंबर मागतात तो याचसाठी.

कविता संपली की ‘धन्यवाद’ म्हणा आणि माइक बंद करा. शेवटच्या ओळीनंतर लगेच ‘झालं’ म्हणू नका, एक श्वास जाऊ द्या.

दाद कशी द्यायची

नवख्याला सगळ्यात जास्त खचवते ती कवितेनंतरची शांतता. सगळ्यांचे माइक बंद, त्यामुळे ‘वा’ म्हणणारे म्हणतात ते आपापल्या घरात. विहिरीत बोलल्यासारखे वाटते. हे कवितेचे अपयश नव्हे, रचनेचा दोष आहे आणि तो संयोजकाने भरून काढायचा असतो. शांत खोलीत बसलेल्या, इअरफोन लावलेल्या दोन-तीन जाणत्या श्रोत्यांचे माइक सुरू ठेवावेत. त्यांची ‘क्या बात’ बाकीच्यांसाठी पुरते. वीस जणांनी एकदम माइक उघडून टाळ्या वाजवल्या की नुसती खडखड होते, कारण एका वेळी मोजकेच आवाज पुढे येतात.

तुम्ही संगणकावर झूम वापरत असाल तर माइक बंद असताना स्पेस बार दाबून धरा, ‘वा!’ म्हणा, सोडून द्या. फोनवाल्यांनी चॅट वापरावा. पण नुसते हात जोडल्याचे चित्र टाकण्यापेक्षा कवीची आवडलेली ओळ जशीच्या तशी टाइप करा. वाचून झाल्यावर कवी चॅट उघडतो तेव्हा आपली कोणती ओळ पोचली हे त्याला समजते. नवख्याला यातून जे शिकायला मिळते ते दहा अभिप्रायांतून मिळत नाही. शुद्धलेखनाच्या चुका, वृत्तदोष, ‘तिसऱ्या शेरात मात्रा घसरली’ हे सगळ्यांसमोर चॅटमध्ये नको. कवीने विचारले तर नंतर, त्याच्या एकट्याच्या इनबॉक्समध्ये.

कट्टा स्वतः भरवायचा असेल तर

तीन माणसे लागतात, एकाने तिन्ही कामे केली की तिन्ही बिघडतात. एक सूत्रसंचालक, एक आत-बाहेर आणि माइक सांभाळणारा, एक वेळ बघणारा. वेळ बघणाऱ्याने घंटा वाजवायची नाही. अडीच मिनिटांना कॅमेऱ्यासमोर पिवळा कागद, तीनला लाल.

फुकट खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांत बंद पडते, गूगल मीटची तीन किंवा जास्त माणसांची बैठक ६० मिनिटांत. कंपन्या हे नियम बदलत असतात, आदल्या दिवशी एकदा बघून घ्या. कविता तीन मिनिटांची ठेवली तरी माणशी पाच धरा : परिचय, माइक, दाद, अडथळा. सुरुवात-शेवटाची पाच मिनिटे वजा करता ४० मिनिटांत सात कवी बसतात, ६० मिनिटांत अकरा. बारावा घेतलात तर कोणाची तरी कविता मध्येच कापली जाईल, आणि ती नेमकी सगळ्यात नवख्याची असेल. दोन सत्रे हवी असतील तर दुसरी लिंक आधीच बनवून सर्वांना देऊन ठेवा. दोन-तीन जागा त्या संध्याकाळी येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवा, नाहीतर त्याला ओपन म्हणण्यात अर्थ नाही.

क्रम लावताना ज्यांचे नेट कच्चे ते आधी. पहिला मात्र सवयीचा वाचणारा असावा, नवखा दुसरा किंवा तिसरा. मुरलेल्या गझलकाराच्या पाठोपाठ पहिलटकराला उभे करू नका. पुकारताना तीन नावे घ्या : ‘आता अमुक, नंतर तमुक, आणि तयारीत अमुक.’ यामुळे मधली शोधाशोध निम्म्याने कमी होते.

लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका. नोंदवलेल्यांना कार्यक्रमाच्या दोन तास आधी पाठवा, आणि साध्या गटाऐवजी व्हॉट्सअॅप कम्युनिटीच्या घोषणा गटातून किंवा ब्रॉडकास्टने, म्हणजे स्त्रियांचे नंबर अनोळखी लोकांसमोर येत नाहीत. वेटिंग रूम चालू ठेवा, स्क्रीन शेअर फक्त यजमानाकडे ठेवा. पण उपद्रवाच्या भीतीने बैठकीला कुलूप लावू नका. शहरातले मार्गदर्शक तसा सल्ला देतात, इकडे तो चालत नाही. रेंज जाऊन बाहेर फेकला गेलेला तुमचाच पाचवा कवी मग आत येऊ शकत नाही.

दिवस निवडताना पंचांग हाताशी असू द्या. गणपतीत संध्याकाळी आरत्या आणि रात्री भजने, शिमग्यात पालखी दारात, कार्तिकानंतर दक्षिणेकडे जत्रा आणि दशावतार. या काळात गाव मोकळे नसते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम सगळीकडे असतात, त्या दिवशी तुमच्याकडे श्रोते उरणार नाहीत. घरची माणसे आखातात असतील तर आपले साडेआठ म्हणजे दुबई-मस्कतचे सात आणि कुवेत-कतारचे सहा. रमजानमध्ये ती इफ्तारच्या आसपासची वेळ असते, तेव्हा तासभर पुढे सरका. निमंत्रणात ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द लिहायला विसरू नका.

रेकॉर्डिंग

झूमच्या फुकट खात्यात रेकॉर्डिंग संगणकावरूनच होते, फोनवरून नाही. मीटच्या फुकट खात्यात ती सोयच नाही. रेकॉर्डिंग होणार असेल तर फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न हवेत : रेकॉर्ड करू का, आणि यूट्यूबवर टाकू का. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क कवीला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचा होकार लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर आला तरी चालेल.

कवीने एक गोष्ट तपासावी. दिवाळी अंकांना आणि स्पर्धांना बहुधा अप्रकाशित कविता हवी असते, आणि काही ठिकाणी यूट्यूबवर आलेली कविता प्रकाशित धरली जाते. अंकासाठी राखून ठेवलेली कविता ओपन माइकला वाचायची असेल तर ‘हिचे रेकॉर्डिंग नको’ हे वाचण्याआधी संयोजकाला सांगा, म्हणजे तेवढा वेळ तो रेकॉर्डिंग थांबवून ठेवेल. नंतर काढून टाकायला सांगितले तरी तोवर कोणीतरी ती क्लिप चार गटांत फिरवलेली असते.